शिंगांचे माप

गेल्या पौषात विवेकानंद जयंतीच्या निमित्ताने आम्हांस हिवरा आश्रम येथे जाण्याचा योग आला. मेहकर तालुक्यातील या गावाचे मूळ नाव नुसते हिवरा. शुकदास महाराजांनी येथे विवेकानंद आश्रम उभारला आणि पुढे 'आश्रम' हा शब्द गावाच्या नावासच चिकटला. उत्सवाचे व पुरीभाजीच्या महाप्रसादाचे वर्णन अनेकांनी केले आहे. त्यात आम्ही भर घालीत नाही. परतताना वाटेत एका जुन्या स्नेह्यांच्या वाड्यात रात्र काढावी लागली, आणि प्रस्तुत लेखाचा विषय आम्हांस त्या वाड्याच्या ओसरीवर मिळाला.

ओसरीच्या मधल्या दारावर सांबराच्या शिंगांची एक भव्य जोडी बसविलेली आहे. एका टोकास घरधन्याचे उपरणे, दुसऱ्यास छत्री, असा तिचा हल्लीचा उपयोग. खालच्या सागवानी फळीवर तांबड्या रंगाने १९३१ हे साल व ३९ हा आकडा लिहिलेला आहे. चौकशी करता स्नेह्यांनी सांगितले की, हे सांबर त्यांच्या आजोबांनी मारलेले नव्हे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत एका गोऱ्या अधिकाऱ्याचा मुक्काम पडला होता, आजोबा गावचे पाटील म्हणून हाकाऱ्यांच्या व्यवस्थेस हजर होते. साहेबाने जनावर पाडले, खिशातून फीत काढली, शिंग मोजले आणि तोंड फिरविले. चाळीसास एक इंच कमी! मांस हाकाऱ्यांनी वाटून घेतले, शिंगे आजोबांनी उचलली. एका इंचासाठी माणसाचे तोंड का फिरावे, हे त्या घरात कोणासही कधी उमगले नाही.

प्रथम शिंग या शब्दाविषयी थोडेसे. आपल्या भाषेत काळविटाचे तेही शिंग आणि सांबराचे तेही शिंगच. परंतु निसर्गाने या दोन वस्तू अगदी निराळ्या घडविल्या आहेत. काळवीट, चिंकारा व रोही यांची शिंगे गाईबैलांप्रमाणे आतल्या हाडावर चढलेले पोकळ कवच होत. ती जन्मभर टिकतात. सांबर, चितळ, बारशिंगा यांची शिंगे भरीव हाडाची असून ती गळून पडतात व पुन्हा उगवतात. नवे शिंग मऊ, रक्ताने भरलेले व लवदार कातडीने आच्छादलेले असते. या अवस्थेस शिकारी लोक 'मखमल' म्हणतात. पुढे ते कठीण झाले म्हणजे जनावर झाडांवर घासून ती कातडी उतरविते. सांबर दरवर्षी शिंगे टाकतोच की नाही, यावर गेल्या शतकाच्या आधीच्या शिकारी लेखकांत बराच वाद माजला होता. आज तो मिटला असला, तरी त्या वादातून एक गोष्ट ध्यानात येते: वर्षानुवर्षे सांबराच्या मागे हिंडणाऱ्या माणसांनी त्याच्या मस्तकाकडे जितके पाहिले तितके त्याच्या दिनचर्येकडे पाहिले नाही.

फीत आली कोठून? लंडनमधील रोलंड वॉर्ड या पेंढेकऱ्याने, म्हणजे मृत प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या कारागिराने, १८९२ साली जगातील मोठ्या शिकारीच्या शिंगांच्या मापांचे एक पुस्तक छापले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघू लागल्या. त्या पुस्तकात नाव लागणे हा शिकाऱ्यांत मोठाच मान झाला. इकडे १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातही शिंगांच्या लांबीविषयी पत्रे येत. मध्य हिंदुस्थानच्या अरण्यांवर फॉर्सिथने १८७१ साली लिहिले, वनाधिकारी डनबार ब्रँडरने १९२३ साली लिहिले, दख्खनच्या शिकारीवर बर्टनने १९२८ साली लिहिले. ही पुस्तके आजही वाचनीय आहेत, आणि वन्य प्राण्यांविषयीचे त्यांतील निरीक्षण पुष्कळदा सूक्ष्म आहे. मात्र इंचांचा हिशेब त्यांची पाठ सोडीत नाही. ज्या काळी वऱ्हाडात पीक किती आणे आले याची मोजणी रयतेच्या जिवावर बेतत असे, त्याच काळी डोंगरात ही दुसरी मोजणी चालली होती.

मोजणी आली की नियमही आलेच. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला, आणि राखीव जंगलात शिकार करावयाची तर परवाना, ठराविक मुदत, ठराविक संख्या, मादी मारावयाची नाही, मखमलीतील नर मारावयाचा नाही, अशी बंधने रूढ झाली. १९१२ च्या पशुपक्षी संरक्षण कायद्याने निरनिराळ्या जनावरांचा बंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. नियम करणारे व नियम पाळणारे बहुधा एकाच क्लबातले असल्यामुळे त्यांस हे नियम स्वाभाविक वाटले. मादी सोडावी, पोर सोडावे, मखमल सोडावी, मोठ्या शिंगांचा जुना नर तेवढा मारावा, हा त्यांचा सदाचार होता. आणि तो सर्वस्वी ढोंगी होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने तीन दिवस डोंगर तुडवून आखूड शिंगांचा नर पाहिला व बंदूक खाली ठेविली, त्याच्या संयमास काही किंमत आहेच. पण निसर्ग त्यांच्या पंचांगाप्रमाणे वागत नव्हता. आमच्याकडील सांबर बहुधा उन्हाळ्याच्या तोंडी शिंगे टाकतो, पावसाळाभर मखमलीत असतो व हिवाळ्यात त्याचे मस्तक सजलेले असते. नाताळच्या तंबूंस हे सोयीचे होते. चितळाचे तसे नाही. त्याची शिंगे बहुधा ऐन वैशाखात तयार असतात, आणि नाताळात कित्येक नर बोडके किंवा मखमलीत सापडतात. एका बंदीच्या काळात दोघांस बसविणे म्हणजे खरीप व रब्बी एकाच पावसावर काढणे होय.

या नियमांविषयी शिकाऱ्यांचे मत काय होते, असा प्रश्न केला तर उलट प्रश्न करावा लागतो की, कोणत्या शिकाऱ्यांचे? साहेबांचे मत त्यांच्या पुस्तकांत आहे. पण वऱ्हाडात साहेबांच्या कितीतरी आधीपासून फासेपारधी होता. त्याची आयुधे म्हणजे तातीचे फासे, माणसाळविलेले हरीण किंवा बैल आणि अपार धीर. कळप फाशांच्या ओळीकडे वळला की जे अडकेल ते अडकेल. त्यात नर कोण, मादी कोण, शिंग किती लांब, याचा विचार संभवतच नाही. त्याला मांस विकावयाचे असे व चूल पेटवावयाची असे. त्याच्या लेखी शिंग ही जनावरातील सर्वांत निरुपयोगी वस्तू. ज्या पद्धतीस शिकारी सभ्यगृहस्थ हीन मानीत, ती त्याची उपजीविका होती. आणि गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली पारध्यांच्या कित्येक शाखांची नावे चढल्यावर तर त्याचे जंगलात असणे हाच संशय झाला. हा कलंक कायद्यातून १९५२ साली गेला. लोकांच्या मनातून तो गेला काय, हे वाचकांनी आपापल्या तालुक्यात पाहावे.

तिसरा मनुष्य म्हणजे कुणबी. हरभऱ्यात शिरलेल्या कळपाकडे तो माळ्यावरून पाहतो, तेव्हा बोडकी मादी व शिंगाळ नर यांच्या खाण्यात त्याला काडीचा फरक दिसत नाही. माद्या संख्येने अधिक म्हणून नुकसानही त्यांच्याकडूनच अधिक. १९१२ च्या कायद्याने प्रामाणिकपणे मालमत्तेच्या रक्षणासाठी केलेली हत्या अपवादात घातली होती, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट. मात्र राखीव जंगलातला नियम मादीस देवतेप्रमाणे जपणार आणि सीमेबाहेरचा शेतकरी तिलाच प्रथम टिपणार, हा विरोध कोणत्याही कलमाने मिटला नाही.

येथे आम्हांस एका फार जुन्या नियमाची आठवण होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्षाचे, म्हणजे कत्तलीवरील अधिकाऱ्याचे, एक प्रकरण आहे. त्यात पशूंपैकी वत्स, वृष व धेनु, म्हणजे पिलू, वळू व दूध पाजणारी माता, ही तिन्ही अवध्य ठरविली असून मारणारास पन्नास पणांचा दंड सांगितला आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात सहा महिन्यांच्या आतील पिलांस व गाभण किंवा दुभत्या माद्यांस अभय आहे. पिलू व माता यांविषयी प्राचीनांचे व साहेबांचे एकमत आहे. वळूविषयी मात्र दोघे एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकांस उभे आहेत. कौटिल्य म्हणतो बीजाचा नर राखा. फीत म्हणते तोच निवडून मारा. कौटिल्याने हे कोणत्या अनुभवावर लिहिले ते सांगता येत नाही, परंतु गुरे पाळणाऱ्या समाजास हे शिकविण्याची गरज नव्हती. कळपातला उत्तम गोऱ्हा कसायास देऊन खुरटा पैदाशीस ठेवणारा शेतकरी आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

असा शेतकरी पाहिला नाही, पण असे राज्य मात्र आहे. अमेरिकेतील मिसिसिपी संस्थानाने १९९५ साली नियम केला की, ज्या नराच्या शिंगांस दोन्ही बाजू मिळून निदान चार टोके असतील तोच मारावा. हेतू स्तुत्य होता: दीड वर्षाची कोवळी पोरे वाचावीत व वयाने वाढावीत. घडले ते निराळेच. दीड वर्षाच्या पोरांतही जी जोमदार होती त्यांना चार टोके लवकर फुटली व ती मारली गेली. ज्यांच्या डोक्यावर नुसत्या दोन काड्या होत्या ती नियमाच्या छत्राखाली सुखाने वाढली. पुढे दोन-तीन वर्षांच्या नरांची शिंगे मोजली तेव्हा ती पूर्वीहून लहान भरू लागल्याचे संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केले. मोठी शिंगे मिळावीत म्हणून केलेल्या नियमाने शिंगे लहान केली! अखेर २००९ साली टोके मोजणे सोडून त्या संस्थानाने शिंगांमधील अंतर व मुख्य दांड्याची लांबी धरली.

पेनसिल्व्हेनियात २००२ साली असाच नियम आला. प्रदेशपरत्वे एका बाजूस तीन किंवा चार टोके हवीत. तेथे शिकार हा गावोगावच्या घरांचा कुलाचार आहे. परवाने त्या काळी दहा लक्षांच्या आसपास असत, आणि हंगामाचा पहिला दिवस म्हणजे आपल्याकडील पोळाच म्हणा. गॅरी ऑल्ट नामक प्राणिशास्त्रज्ञाने हा नियम गावोगाव व्याख्याने देऊन लोकांच्या गळी उतरविला. त्यापूर्वी तेथील शिंगाळ नरांपैकी बहुतेक सारे दरवर्षी मारले जात व त्यांत दीड वर्षाचेच अधिक असत. पुष्कळ शिकाऱ्यांस नियम पटला, कारण त्यांनी जन्मात प्रौढ नर क्वचितच पाहिला होता. पण विरोधही कडवा झाला. वृद्ध म्हणत, पहाटेच्या धुक्यात टोके मोजण्याइतके आमचे डोळे उरले नाहीत; गरीब म्हणत, आम्हांस मांस हवे, भिंतीची शोभा नको; आणि अनेकांचे म्हणणे एवढेच की, जो नर आमच्या बापाने मारला तो आम्ही का मारू नये? लहान मुलांस व अपंगांस सूट देऊन काही राग शमविला गेला. खरा भडका उडाला तो मात्र माद्यांवरून, कारण ऑल्टचा आग्रह होता की कळप अरण्याच्या मानाने फार वाढला आहे, तेव्हा माद्याही मारल्या पाहिजेत. १९०७ पासून मादी मारणे पाप असे त्या लोकांस शिकविले होते; शंभर वर्षांचे पाप एका व्याख्यानाने पुण्य कसे व्हावे? ऑल्टला धमक्या आल्या आणि २००४ च्या अखेरीस त्याने ते काम सोडले. नियम राहिला.

टोके मोजण्याची ही युक्ती आमच्या सांबरास लावून पाहिली तर मौज दिसते. सांबराच्या पाडसास आधी नुसती काडी, मग फाटा, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी बाजूस तीन टोके फुटतात. तेथून पुढे म्हातारपणापर्यंत तीनच. चितळाचेही तसेच. म्हणजे तरणा व वृद्ध यांत भेद करावयाचा तो लांबीने व जाडीनेच, आणि तो जनावर पडण्यापूर्वी करावयाचा! तिन्हीसांजेस पाणवठ्यावर शंभर यार्डांवरून छत्तीस व चाळीस यांतील अंतर ओळखू येते असे म्हणणाऱ्या शिकाऱ्याच्या सत्यप्रीतीविषयी आम्ही साशंक आहो. आमच्या स्नेह्यांच्या वाड्यातील ते सांबर याच चुकीने मेले.

टोकांवरूनच ज्याचे नाव पडले तो बारशिंगा याच मध्यप्रांतातला. डनबार ब्रँडरच्या काळी कान्ह्याच्या कुरणांत त्याचे मोठमोठे कळप होते. १९७० साली तेथे अवघे ६६ उरले. त्याला शिकारीने खाल्ले, वाघाने खाल्ले, गुरांनी त्याचे गवत खाल्ले. निदान शिंगांच्या नियमाने तो वाचला नाही एवढे खास. पुढे कुरणे राखली, कुंपणात पैदास केली, तेव्हा तो सावरला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्यातही प्रारंभी परवान्याने शिकारीस जागा होती आणि पिलू, मादी व मखमलीतील शिंगांचे हरीण मारू नये हे जुने कलम होते. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच गेले व त्यांबरोबर ते कलमही गेले. साहेबाची फीत आमच्या कायद्यातून अशी निघून गेली. कुणब्याचा माळा मात्र जागच्या जागी आहे, आणि रोही व रानडुक्कर यांबाबत अर्ज, पंचनामा व भरपाई यांच्या खेपा घालणारा मनुष्य मेहकरच्या कोणत्याही कचेरीत आजही भेटतो.

सकाळी निघण्यापूर्वी आमची जिज्ञासा आवरेना. स्नेह्यांच्या सूनबाईंनी शिवणयंत्राच्या खणातील फीत आणून दिली, आणि स्टुलावर चढून, वयास न शोभणारी कसरत करून, आम्ही ते शिंग बुडापासून टोकापर्यंत बाहेरच्या वळणाने मोजले. पावणेएकोणचाळीस भरले. सुकल्यावर शिंग किंचित आकसते, असे आम्ही समजावून सांगितले आणि फळीवरचा आकडा दुरुस्त करावयाचा काय, असे थट्टेने विचारले. स्नेही म्हणाले की, आजोबांनी लिहिले ते राहू द्या; आणि त्यांनी छत्री पुन्हा त्या टोकास अडकविली.