वर्णनात्मक आणि आदेशात्मक विधाने

जे आहे, होते किंवा होईल ते सांगणारे विधान वर्णनात्मक. जे असावे, करावे किंवा टाळावे ते सांगणारे विधान आदेशात्मक. पहिल्याचा खरेखोटेपणा निरीक्षण, मोजणी, दस्तऐवज यांवरून ठरतो. दुसऱ्याच्या समर्थनाला ही साधने पुरत नाहीत. एखादे मूल्य किंवा ध्येय आधी मान्य असावे लागते. सार्वजनिक वादात दोन्ही मिसळली की मतभेद नेमका कशाविषयी आहे, हेच कळेनासे होते.

स्वरूप : केवळ वाक्यरचनेवरून प्रकार ओळखता येत नाही. ‘आमच्यात विधवा कुंकू लावत नाहीत’ हे दिसायला वर्णन आहे. घरातल्या सुनेला उद्देशून म्हटले की ती मनाई होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. अशी प्रथा आहे हे ग्रामपंचायतीला मान्यच होते. त्यातून निघणारा आदेश तिने नाकारला. उलट ‘ती एव्हाना पोहोचली असावी’ यातील क्रियापद विध्यर्थी असले, तरी विधान निव्वळ अंदाजाचे आहे. तसेच एखादी आज्ञा अस्तित्वात आहे असे सांगणे आणि स्वतः आज्ञा करणे यांतही फरक आहे. कायद्यात काय लिहिले आहे ते वाचून पडताळता येते. तो कायदा योग्य आहे का, हा वेगळा प्रश्न.

विचारपरंपरा : पूर्वमीमांसेने वेदवाक्यांचा अर्थ लावताना विधी आणि अर्थवाद असा भेद केला. ऐश्वर्य इच्छिणाऱ्याने वायूला पशू अर्पण करावा, हा विधी. वायू ही शीघ्रगती देवता आहे, हा अर्थवाद. दुसऱ्या वाक्याचे रूप वर्णनाचे, काम मात्र विधीची भलामण करण्याचे. युरोपात डेव्हिड ह्यूमने ‘अ ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर’ (१७३९–४०) या ग्रंथात दाखवून दिले, की नीतीवर लिहिणारे ‘आहे’ची वाक्ये मांडता मांडता कारण न देताच ‘असावे’कडे वळतात. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या मते शास्त्र साधने आणि परिणाम सांगू शकते. साध्याची निवड त्याच्या कक्षेबाहेरची असते.

संमतिवयाचा वाद : विवाहित मुलींनाही लागू असलेले संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्यात तीन प्रश्न गुंतले होते. कोवळ्या वयातील समागमाने मुलींच्या शरीराला काय इजा होते, हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता. गर्भाधानाविषयी धर्मशास्त्र काय सांगते, हाही वर्णनाचाच प्रश्न, रा. गो. भांडारकर आणि टिळक यांचा त्यावर ग्रंथांच्या आधारे वाद झाला. परकीय सरकारने यात कायदा करावा का, हा मात्र आदेशात्मक प्रश्न होता आणि टिळकांच्या विरोधाचा मुख्य रोख त्यावर होता. सुधारणेला शास्त्राधार हवाच कशाला, ही आगरकरांची भूमिका. ती मान्य केली, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काहीही आले तरी तिसरा प्रश्न सुटत नाही.

आक्षेप आणि उपयोग : जॉन सर्ल यांनी १९६४ मध्ये वचनाचे उदाहरण दिले : अमक्याने वचन दिले, या घटनेतूनच त्याने ते पाळावे असे निघते. हिलरी पटनम यांनी ‘क्रूर’सारख्या शब्दांकडे लक्ष वेधले, त्यांत वर्णन आणि मूल्यमापन वेगळे काढता येत नाही. मात्र भेद करणे उपयुक्त आहे, हे पटनमही मानतात. दोहोंत अभेद्य भिंत आहे, एवढेच त्यांना अमान्य आहे. व्यवहारात ‘कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही हे विधान मागे घ्याल?’ असे विचारणे उपयोगी पडते. पुरावा सांगता आला, तर त्याची तपासणी सुरू करता येते. कोणत्याच पुराव्याने फरक पडत नसेल, तर त्यामागचे मूल्य उघड मांडून त्यावर चर्चा करावी लागते.