लमाणांचा कुत्रा : वऱ्हाडातील श्वानसहवासाचा एक धागा

वऱ्हाडच्या इतिहासात साखरखेर्डा या गावाचे नाव एका लढाईमुळे नोंदले गेले आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्काने येथे मुबारिझखानाचा पराभव केला. मुबारिझखान रणांगणातच पडला, दख्खनचा सुभा दिल्लीच्या हातून प्रत्यक्षात निसटला आणि आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव देण्यात आले. ते कागदोपत्री दीर्घकाळ चालले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव टिकले.

अशा लढायांची वर्णने करताना इतिहासकार हत्ती मोजतात, घोडे मोजतात, तोफांची संख्या देतात. फौजेला दाणा पुरविणाऱ्या बैलांकडे त्यांचे लक्ष क्वचित जाते, आणि त्या बैलांची रात्री राखण करणाऱ्या कुत्र्यांकडे तर मुळीच जात नाही. मोगल काळापासून दक्षिणेतील फौजांची रसद प्रामुख्याने लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून असे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये वाटेत जो तांडा भेटला त्यात १४,००० बैल होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. १८०३ मध्ये असई, आडगाव आणि गाविलगड या मोहिमांत आर्थर वेलस्लीची फौज याच मुलखातून फिरली, आणि त्याच्या पत्रव्यवहारात लमाणांच्या धान्याची चिंता वारंवार डोकावते. तांडा मुक्कामाला उतरला की गोण्यांची थप्पी रचून एक कोटच उभा केला जाई. माणसे आणि मौल्यवान माल कोटाच्या आत, कुत्रे बाहेर. चोर, वाघ, लांडगा यांपैकी कोणीही आले तरी पहिली गाठ कुत्र्याशी पडे. बैल हे लमाणाचे भांडवल होते. त्या भांडवलाची राखण कुत्र्याकडे होती.

मराठवाडा, वऱ्हाड आणि उत्तर कर्नाटक या प्रदेशांत ज्या सडपातळ, लांबट तोंडाच्या कुत्र्याला ‘कारवानी’ म्हणतात, त्याच्या नावातच हा इतिहास साठवलेला आहे. कारवान म्हणजे तांडा, काफिला. हे नाव कोणा देशाचे नाही, रंगाचे नाही, कोणा पाळणाऱ्या घराण्याचेही नाही. ते कामाचे नाव आहे. कुत्र्याचे शरीरही त्या कामाला साजेसेच आहे : खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय, अरुंद डोके, खांद्यापाशी सुमारे ७० सेंटिमीटर उंची. तो वासापेक्षा नजरेवर धावतो. उघड्या माळावर ससा दिसला की त्याच्यामागे सुटतो. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. शहरात पाळणाऱ्याला हा स्वभावदोष वाटतो. परंतु रोज नव्या गावाच्या शिवेवर उतरणाऱ्या तांड्यात जो कुत्रा दिसेल त्याच्यापुढे शेपूट हलवील, त्याचा उपयोग काय? याच जातीच्या कान व शेपटीवर झुबकेदार केस असलेल्या प्रकाराला ‘पशमी’ म्हणतात. हा शब्द लोकरीच्या फारसी नावावरून आला. धनगरांचा कुत्रा याहून वेगळा. तो अंगाने भरलेला, रुंद डोक्याचा, धावण्यापेक्षा ठाण मांडून बसणारा असतो, कारण मेंढवाडा सोडून सशामागे जाणारा राखणदार धनगराला परवडत नाही.

नावे फारसी असल्यामुळे हा कुत्राही इराण, अफगाणिस्तान किंवा अरबस्तानातून आला, असे पुष्कळदा म्हटले जाते. तिकडील ताझी आणि सालुकी या जातींशी त्याचे साम्य उघड आहे, आणि घोड्यांबरोबर काही कुत्रेही आले असतील. पण तेवढ्यावरून सर्व श्रेय बाहेरच्यांना देणे योग्य होणार नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९–३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ असा कुत्र्यांसाठी स्वतंत्र भाग आहे. दक्षिणेत मुसलमानी राज्ये येण्यापूर्वीच शिकारी कुत्रा राजदरबाराच्या परिचयाचा होता, हे त्यावरून निश्चित ठरते. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि स्वामी तो परत देण्यास नकार देतात. चक्रधरांचा वावर मेहकर आणि लोणार या परिसरात, म्हणजे साखरखेर्ड्याच्या शेजारीच, झालेला होता. त्या काळच्या मराठीत कुत्र्याला ‘सुणे’ म्हणत. आज तो शब्द मागे पडला आहे. याहून मागे जायचे तर प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या कांस्यरथाकडे पाहावे लागते. दोन बैल, मागे उभा सारथी, आणि मधल्या दांड्यावर एक कुत्रा. सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या या रथात बैल, माणूस आणि कुत्रा हे तिघे एका दांड्याने जोडलेले आहेत. तांड्याची मांडणीही याच तिघांची होती.

या नात्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी शिलालेखांपेक्षा एक लोककथा अधिक उपयोगी पडते. जुन्या मध्य प्रांताच्या भागात ती अनेक ठिकाणी सांगितली जाते. एका लमाणाला पैशाची नड पडते. सावकाराकडे तारण ठेवायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते, म्हणून तो आपला कुत्राच गहाण ठेवतो. काही दिवसांनी सावकाराच्या घरी चोरी होते. कुत्रा चोरांचा माग काढतो आणि पुरलेला ऐवज मालकाला दाखवितो. सावकार प्रसन्न होतो, कर्ज फिटले अशी चिठ्ठी लिहून ती कुत्र्याच्या गळ्यात बांधतो आणि त्याला मोकळा करतो. कुत्रा आनंदाने धन्याकडे धावत सुटतो. लमाण त्याला दुरून येताना पाहतो. तारण पळून आले, आपला शब्द गेला, या संतापात तो काठीच्या एका घावात त्याला ठार करतो. चिठ्ठी सापडते ती नंतर. पश्चात्तापाने तो कुत्र्याचे स्मारक उभारतो. छत्तीसगडमधील बालोद जिल्ह्यात खपरी येथील कुकुरदेव मंदिराशी ही कथा जोडलेली आहे. तेथे शिवलिंगाजवळच कुत्र्याची मूर्ती आहे. मध्य प्रदेशात डिंडोरीजवळच्या कुकर्रामठाचीही हीच कथा. दोन्ही मंदिरे मूळची शैव असून कथा त्यांना मागाहून चिकटली असावी, असे मानणे सयुक्तिक आहे.

निरपराध राखणदाराला उतावळेपणाने मारणाऱ्या धन्याची गोष्ट जगभर आढळते. पंचतंत्रात ब्राह्मणीने मारलेला मुंगूस आहे, वेल्समध्ये गेलर्ट नावाचा शिकारी कुत्रा आहे, आणि फ्रान्समधील गीनफोर नावाच्या कुत्र्याला तर तेराव्या शतकात खेडूत संत मानू लागले होते. परंतु या सर्व कथांत पाळण्यातले मूल आहे आणि मुलावर चाल करून आलेला साप किंवा लांडगा आहे. लमाणांच्या कथेत मूल नाही. तेथे कर्ज आहे. हा फरक किरकोळ नव्हे. तोंडी शब्दावर हजारो बैलांचा माल उचलणाऱ्या समाजात पत हाच प्राण असतो. कुत्रा तारण म्हणून स्वीकारला जातो याचा अर्थ त्याची किंमत सावकारालाही पटलेली आहे. आणि लमाण कुत्र्याला मारतो तो क्रूर आहे म्हणून नव्हे. कराराचा एक पक्षकार करार मोडून आला, असे त्याला वाटते म्हणून. कथेतील शोकाचे मूळ येथे आहे. ज्याने करार सर्वांत नेकीने पाळला, त्यालाच करारभंगाची शिक्षा झाली.

मग अशा कुत्र्याला शिकवीत कसे? श्वानशिक्षणाचा ग्रंथ लमाणांनी किंवा धनगरांनी लिहिलेला नाही. पण भाषेने काही साक्ष ठेवली आहे. पिलाला बोलावताना ‘यू यू’, अंगावर सोडताना ‘छू’, आणि हाकलताना ‘हाड’ : या तीन उच्चारांवर मराठी खेड्यातील कुत्र्याचे सगळे शिक्षण उभे आहे. ये, जा आणि नको, एवढे कळले की पुरे. ‘हाड’वरून ‘हाडहाड करणे’ हा माणसांनाही लागू पडणारा वाक्प्रचार निघाला, यावरून तिघांपैकी कोणता उच्चार अधिक वापरात होता ते दिसते. बाकीचे शिक्षण शब्दांनी होत नसे, जागेने होत असे. धनगराच्या कुत्र्याचे पिलू कोकरांच्या संगतीत डोळे उघडते, त्यांच्याच उबेत निजते, आणि मोठे झाल्यावर मेंढरांना आपलाच कळप समजते. लमाणाचे पिलू बैलांच्या खुरांमध्ये वाढते. यामागील कारण अलीकडच्या संशोधनाने स्पष्ट केले आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, पिलाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ निर्णायक असतो. या अवधीत ते ज्या प्राण्यांच्या सहवासात येते त्यांच्याशी त्याचे नाते आयुष्यभरासाठी जुळते. मेंढवाड्यात ही गोष्ट सिद्धांतावाचून आचरली जात होती.

या शिक्षणात खाण्याला मोठे महत्त्व होते. कुत्र्याचा वाटा हा दयेचा तुकडा नव्हता, ती मजुरी होती. धर्मानेही हा वाटा मान्य केलेला दिसतो. वैश्वदेवात यमाच्या श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांसाठी बळी काढला जातो. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातील भरीत-रोडग्याचा भाग अनेक घरी कुत्र्यांना घालतात. खंडोबाला वाहिलेला वाघ्या तर स्वतःच देवाचा कुत्रा बनतो. जुन्या चालीत तो भुंकत असे आणि कोटंब्यातले अन्न कुत्र्याप्रमाणे खात असे. स्वयंपाकघरात शिरलेल्या कुत्र्याने सोवळे मोडते, आणि त्याच घरच्या देवाच्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसलेले असतात. मराठी माणसाने कुत्र्याला उंबऱ्याबाहेर ठेवले, पण वाट्याबाहेर ठेवले नाही.

राजदरबारात मात्र नात्याची भाषा बदलते. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या एका आवडत्या कुत्र्याने वाघाच्या शिकारीत त्यांचे प्राण वाचविले, तेव्हा महाराजांनी त्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नमूद केले आहे. महाराजांनी एकदा याच कुत्र्याला जरीचा पोशाख आणि दागिने घालून, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून दरबार भरविला, हीही त्याचीच हकीकत. परंपरा या कुत्र्याचे नाव खंड्या सांगते आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखविते. रायगडावरील वाघ्याची गोष्ट निराळी. ते स्मारक १९३६ मधले. त्या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, तिच्या प्रसाराचे श्रेय राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या नाटकाकडे जाते. वाद वाघ्याचा होत राहिला, आणि सनद मिळविलेला खंड्या माहुलीला उपेक्षित राहिला, हा आपल्या इतिहासप्रेमाचा एक नमुनाच म्हणावा लागेल.

तांड्याच्या कुत्र्याला दुसरे राजघराणे भेटले ते मुधोळचे. तेथील मालोजीराव घोरपडे (१८८४–१९३७) यांनी या जातीची निपज जाणीवपूर्वक केली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ’ हे नाव रूढ झाले. कामावरून पडलेल्या नावाच्या जागी संस्थानाचे नाव आले. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली त्यांत हा कुत्रा मुधोळ म्हणूनच झळकला. पुढे मीरत येथे लष्करानेही या जातीची पिले शिकवून पाहिली.

वऱ्हाडात तोपर्यंत तांडे थांबले होते. १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग या प्रांतात शिरला, १८७० मध्ये जलंब–खामगाव फाटा सुरू झाला, आणि जो कापूस व धान्य बैलांच्या पाठीवरून जात असे ते डब्यांतून जाऊ लागले. लमाण शेतीकडे आणि मजुरीकडे वळले. त्यांच्या वस्तीला बुलढाणा आणि वाशिम जिल्ह्यांत आजही तांडाच म्हणतात, पण तो तांडा एका जागी बसलेला आहे. कुत्र्याचे राखणीचे काम उरले, चालण्याचे गेले. राहता राहिला माळावरचा ससा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकारही गुन्हा ठरली, आणि ज्या धावण्यासाठी या कुत्र्याची छाती खोल व पाय लांब झाले, ते धावणे वऱ्हाडच्या शिवारात बेकायदा झाले.