बीजेची कोर आणि पुनरुत्थानाचा रविवार

नागपूरच्या उत्तर भागात जरीपटका नावाची वस्ती आहे. जरीपटका म्हणजे मराठ्यांचे जरीचे निशाण. परंतु हे नाव धारण करणाऱ्या वस्तीत आज मोठ्या संख्येने नांदतात ती सिंधी कुटुंबे. चैत्र लागला की येथे दोन वर्षारंभ लागोपाठ येतात. मराठी घरांवर पाडव्याची गुढी उभी राहते आणि तिच्या पाठोपाठ, बहुधा दुसऱ्या दिवशी, सिंधी बांधवांचा चेटीचंड साजरा होतो. ‘चेट’ म्हणजे चैत्र आणि ‘चंड’ म्हणजे चंद्र. चंद्र एकच, महिनाही एकच. मग दिवस दोन का? या साध्या प्रश्नामागे कालगणनेचा फार जुना इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या ईस्टरपर्यंत येऊन पोहोचतो.

अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर उगवतो व त्याच्याबरोबरच मावळतो. त्यानंतर तो दररोज सूर्यापासून सुमारे १२ अंश पूर्वेकडे सरकतो. म्हणून त्याचे उगवणे आणि मावळणे रोज सरासरी ५० मिनिटांनी लांबत जाते. पौर्णिमेस सूर्य मावळता मावळता चंद्र उगवतो, तर वद्य अष्टमीच्या सुमारास त्याच्या उदयाला मध्यरात्र होते. साडेएकोणतीस दिवसांच्या या फेऱ्यातील प्रत्येक १२ अंशांना आपल्या पंचांगाने तिथी म्हटले. प्रतिपदेची कोर इतकी बारीक आणि सूर्याच्या इतकी जवळ असते की संधिप्रकाशात ती सहसा दिसत नाही. बीजेला मात्र ती पश्चिमेस घटकाभर दर्शन देऊन मावळते. पाडवा गणिताने ठरतो; चेटीचंडाचे मूळ चंद्रदर्शनात आहे. मुसलमान बांधवांची ईदही दर्शनावरच अवलंबून असते. ८ एप्रिल २०२४ च्या अमावास्येनंतर पाडवा ९ एप्रिलला झाला, तर महाराष्ट्रात ईद ११ एप्रिलला आली. दोन्ही दिवसांना आधार एकाच चंद्राचा होता.

सिंधी समाजाला या कोरेचे मोल वेगळेच आहे. १९४७ च्या फाळणीत पंजाब व बंगाल विभागले गेले. सिंध मात्र अखंडच पाकिस्तानात गेला. भारतात आलेल्या सिंधी माणसाला ‘हा माझा प्रांत’ असे म्हणावयास जागा उरली नाही. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर निर्वासितांचा ओघ वाढला आणि उल्हासनगर, पिंपरी, नागपूर अशा ठिकाणी त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. जरीपटका ही त्यांपैकीच एक. चेटीचंड हा झुलेलालचा जन्मदिन मानतात. परंपरेनुसार झुलेलाल हा सिंधमधील नसरपूरचा, सिंधू नदीशी जोडलेला जलदेव. ती नदीच मागे राहिली! कणकेचा दिवा, फळे, खडीसाखर व वेलदोडे मांडलेला ‘बहराणा’ मिरवत न्यायचा, तर तो आता परक्या गावच्या पाण्याकडे. परंतु पश्चिमेची कोर कोणत्याही सीमेपलीकडे राहिली नव्हती. मुंबईचे साहित्यिक व गायक प्रा. राम पंजवानी यांनी झुलेलालच्या उत्सवाभोवती या विखुरलेल्या समाजाला एकत्र आणण्यासाठी मोठे परिश्रम घेतले. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, तेही चैत्राच्या आरंभीचेच दिवस होते.

दर्शन की गणित, हा प्रश्न ख्रिस्तसभेलाही चुकला नाही. प्राचीन यरुशलेममध्ये कोर पाहिलेले साक्षीदार पुढे आले, म्हणजे न्यायसभा नवा महिना जाहीर करीत असे. निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी, अर्थात पौर्णिमेच्या सुमारास, वल्हांडणाचे कोकरू वधले जाई. प्रभू येशूचे दुःखसहन याच सणाच्या दिवसांत झाले. म्हणून आपला शुभ शुक्रवार आजही पौर्णिमेपासून फार दूर जात नाही. आशिया मायनरमधील ख्रिस्ती लोक वार न पाहता चौदावा दिवस पाळीत, तर रोमचे लोक रविवारचा आग्रह धरीत. इ. स. १५५ च्या सुमारास स्मर्नाचे वृद्ध बिशप संत पॉलिकार्प रोमला जाऊन पोप अनिसेतस यांना भेटले. दोघांचे एकमत झाले नाही. तरीही अनिसेतस यांनी पाहुण्याला सन्मानाने मिस्सा अर्पण करू दिली आणि दोघे शांततेने एकमेकांपासून निरोप घेते झाले.

पुढे ३२५ साली निकेआच्या धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच दिवशी ईस्टर साजरा करावा असे ठरविले. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, हा नियम हळूहळू रूढ झाला. मात्र ही पौर्णिमा आकाशात पाहावयाची नव्हती. १९ वर्षांत २३५ चांद्रमास बसतात, या हिशेबाच्या कोष्टकातून ती काढावयाची होती. कोष्टक सोयीचे असले तरी आकाश त्याच्यासाठी थांबत नाही. सोळाव्या शतकापर्यंत विषुवदिन १० दिवसांनी आणि कोष्टकातील चंद्र तीन-चार दिवसांनी चुकू लागला. लुइजी लिलिओ या इटालियन वैद्याने सुचविलेली आणि येशूसंघाचे फादर क्लॅव्हियस यांनी समर्थिलेली दुरुस्ती तेराव्या ग्रेगरींनी १५८२ साली स्वीकारली. ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर ठरला! आपल्याकडेही असेच घडले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या १५२० मधील ‘ग्रहलाघवा’वर चालणारी पंचांगे कालांतराने आकाशाशी जुळेनात, तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांच्या आधारे पंचांगशुद्धीचे काम हाती घेतले.

दुरुस्त झालेले कोष्टकही आकाशाशी पूर्णपणे जुळत नाही. २०१९ साली भारतात विषुवदिन आणि पौर्णिमा दोन्ही २१ मार्चलाच आली होती. आकाशाकडे पाहून ठरविले असते तर ईस्टर २४ मार्चला आला असता. कोष्टकाने मात्र ती पौर्णिमा २० मार्चची धरली आणि सण २१ एप्रिलवर गेला. त्या वर्षी चैत्री पौर्णिमा १९ एप्रिलला होती. म्हणजे एकाच शुक्रवारी हनुमान जयंतीही झाली आणि आपण क्रुसाची वाटही चाललो.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा आजही बहुतांशी जुन्या कोष्टकाने चालतात. निकेआच्या परिषदेला १७०० वर्षे झाली त्या २०२५ साली दोन्हीकडचा ईस्टर २० एप्रिल या एकाच दिवशी आला. परंतु असे दरवर्षी घडत नाही. या भेदाचे ओझे वाटू लागले तर पॉलिकार्प आणि अनिसेतस यांची ती भेट स्मरावी. त्यांचे दिवस वेगळे राहिले, वेदी मात्र एकच राहिली. शेजाऱ्याच्या दारी गुढी उभारली जाते, पलीकडल्या गल्लीतून बहराणा निघतो आणि आपण प्रायश्चित्तकाळाचे दिवस मोजीत असतो, तेव्हा या साऱ्यांचे हिशेब एकाच चंद्राच्या उदयास्तांवरून मांडलेले आहेत, एवढे जाणणे हाही शेजारधर्मच होय.