साटा ते चेसिस

भात झोडून झालं, आता कुठे गाडीखाली शिरायला सवड मिळाली.

आजोबांच्या बैलगाडीला लाकडी साटा होता. सगळा भार त्याच्यावर. म्हशाच्या जत्रेत बैल बदलले, चाकांच्या धावा बदलल्या, साटा मात्र वर्षानुवर्षं तोच. त्याला तेल पाजायचं काम आजोबा दुसऱ्या कुणाला देत नसत.

लोखंडी साटा आपल्याकडे जीपने आणला. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी निघाली. १९४७ ला तिने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ ला कंपनीचं नाव बदललं. लढाईसाठी बनलेली ही गाडी. तिच्या चेसिसची रचना शिडीसारखी: दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर. इंजिन, कमानपाटे, बॉडी सगळं त्यावरच बसतं. आजच्या पिकअपलाही तशीच शिडी असते.

किन्हवली-सरळगाव रस्त्यावर जीप माणसांनी लगडलेल्या असायच्या, मागे लोंबकळणारे वेगळेच! पण लाकडाला तेल पाजणारे आपण, लोखंडाला मात्र विसरलो. चिखलणीचा गाळ पट्टीच्या आत बसतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि ओल महिनोन्‌महिने राहते. वरून रंग चकाचक, आतून गंज.

आमच्या जुन्या जीपला मागच्या पाट्याच्या हँगरजवळ चीर गेली. चूक आमचीच, कधी आतून धुतलीच नव्हती. वेल्डिंगवाल्याने पट्टीच्या खालच्या काठावर आडवा टाका मारला. ताण सर्वात जास्त वरच्या आणि खालच्या काठांवरच येतो. पुढच्या पावसाळ्यात टाक्याशेजारीच पट्टी फाटली, तीही भाताची पोती भरलेली असताना, उतारावर. दैव म्हणून कुणाला लागलं नाही.

तेव्हापासून पावसाळा संपला की भोकं तारेने मोकळी करतो, प्रेशरने आतून धुतो आणि हातोडीने ठोकून बघतो. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं की तिथे खरवडायचं. हँगर, स्टिअरिंग बॉक्सची बैठक आणि रिव्हेटचे सांधे आधी बघायचे. यू-बोल्ट पान्याने ताणायचे. मग पुढच्या डाव्या पाट्याच्या बोल्टपासून मागच्या उजव्यापर्यंत टेप लावायचा, आणि उलटही. दोन्ही मापं सारखी यायला हवीत.

यंदा अर्ध्या इंचाचा फरक आला. गाडी गॅरेजला सोडली आणि पोती भाड्याच्या टेम्पोने गिरणीत नेली.