मालिकेचे उद्यापन

आपल्याकडे व्रत नुसते करून भागत नाही, त्याचे उद्यापन करावे लागते. सोळा सोमवार मनोभावे केले आणि सतराव्याचा चूरमा राहून गेला, तर घरातली वडीलधारी बाई वर्षभर चुटपुटत राहते. पोथीचेही तसेच. शेवटचा अध्याय आणि त्यामागची फलश्रुती वाचून झाल्याखेरीज ती रुमालात बांधून ठेवायची नसते. आरंभिलेले कडेला जावे, ही माणसाची फार जुनी भूक आहे.

दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकांच्या नशिबी मात्र हे भाग्य क्वचितच येते. कादंबरी कादंबरीकार संपवतो. मालिका संपवते ती वाहिनी. अमेरिकेतला परिपाठ असा की, पुढच्या वर्षी मालिका ठेवायची की नाही याचा निर्णय बहुधा वर्षागणिक होतो, आणि तो होतो प्रेक्षकसंख्या व खर्च यांच्या हिशेबावर. कथा कोठवर आली आहे, नायक कोणत्या संकटात लोंबकळत आहे, याची विचारपूस त्या वहीत नसते. त्यातून विज्ञानकथेची मालिका म्हणजे हत्ती पोसण्यासारखेच. दर आठवड्याला नवा ग्रह, नवे मुखवटे, नवी याने! म्हणून अशा मालिका अर्ध्यावर मोडल्या, की कर्त्यांनी पुढे एखादा पूर्ण लांबीचा चित्रपट काढून राहिलेली कथा तडीस न्यावी, अशी एक चालच पडून गेली. तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि थोडा हुरहूर लावणाराही.

या चालीचे मूळ पुरुष म्हणजे ‘स्टार ट्रेक’. जीन रॉडनबेरी यांची ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. कॅप्टन कर्क, त्याचा टोकदार कानांचा, तर्कनिष्ठ साहाय्यक स्पॉक, आणि फटकळ पण प्रेमळ डॉक्टर मॅकॉय हे ‘एन्टरप्राइज’ नावाच्या अंतराळयानातून पाच वर्षांच्या मोहिमेवर निघतात, असे प्रत्येक भागाच्या आरंभीच सांगितले जाई. दुसऱ्या वर्षी मालिका बंद पडणार अशी आवई उठली, तेव्हा प्रेक्षकांनी वाहिनीवर पत्रांचा वर्षाव केला आणि तिला आणखी एक वर्षाचे आयुष्य मिळाले. पण ३ जून १९६९ रोजी ७९ वा भाग दाखवला गेला, आणि पाच वर्षांची मोहीम तीन वर्षांतच आटोपली. निरोप नाही, समारोप नाही. आठवड्याची एक गोष्ट सांगून झाली आणि पडदा पडला तो पडलाच.

पुढे पुनःप्रक्षेपणांनी या मालिकेचे भाग्य उजळले. जी मुले शाळेतून येऊन ती पाहत, ती मोठी झाली, आणि १९७९ साली तिचा पहिला चित्रपट निघाला. आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा त्यात डोक्याचे मुंडण करून एका परग्रहवासी स्त्रीच्या भूमिकेत झळकली, हे जुन्या रसिकांना आठवत असेल. पण खरे उद्यापन झाले ते ६ डिसेंबर १९९१ रोजी, ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ या सहाव्या चित्रपटाने. हे नाव शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधले. तेथे त्याचा रोख मृत्यूकडे आहे. चित्रपटात तो भविष्यकाळाकडे वळवला आहे.

कथा अशी. क्लिंगॉन नावाची लढवय्यी जमात कर्कच्या राष्ट्रसंघाची पिढीजात वैरी. त्यांच्या एका चंद्रावर प्रचंड स्फोट होतो, त्यांचे साम्राज्य खिळखिळे होते, आणि त्यांचा प्रमुख तहाची बोलणी सुरू करतो. त्याला सुखरूप घेऊन येण्याचे काम येते कर्ककडे. आणि कर्कचा एकुलता एक मुलगा तर क्लिंगॉनांच्याच हातून मेलेला! वैऱ्याचे कुळ बुडत असेल तर बुडू द्यावे, असे या बापाच्या मनात येते, आणि ते तो उघड बोलूनही दाखवतो. तहाला निघालेल्या त्या प्रमुखाचा खून होतो. खुनाच्या कटात दोन्ही बाजूंचे लोक सामील असतात, कारण वैर संपले तर आपण कोण उरणार, हे भय दोन्हीकडे सारखेच असते. शेवटी तीच तहपरिषद वाचवण्यासाठी कर्क जिवावर उदार होतो.

दिग्दर्शक निकोलस मायर आणि स्पॉकची भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय यांनी हे कथाबीज उचलले ते चालू घडामोडींतून. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली होती आणि १९८९ साली बर्लिनची भिंत कोसळली होती. पण योगायोग पाहा: चित्रपट लागल्यावर वीसच दिवसांनी, २६ डिसेंबर १९९१ रोजी, सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले. शीतयुद्धाच्या भरात जन्मलेली मालिका आणि ते शीतयुद्ध, दोघांनी एकाच महिन्यात निरोप घेतला. चित्रपटाच्या अखेरीस जुने यान मोडीत काढण्याचा हुकूम येतो, कर्क ते पुढच्या पिढीच्या हवाली करतो, आणि मग काळ्याभोर आकाशावर सातही मूळ नटांच्या सह्या एकामागून एक उमटतात. पत्राच्या शेवटी करतात तशा सह्या! २२ वर्षे राहून गेलेला निरोप असा पोहोचला. रॉडनबेरी मात्र २४ ऑक्टोबर रोजीच, चित्रपट लोकांपुढे येण्याआधी, निवर्तले होते.

दुसरी कथा ‘फारस्केप’ची. १९९९ साली सुरू झालेली ही मालिका ऑस्ट्रेलियात चित्रित होई, आणि तिच्यातली चित्रविचित्र पात्रे बाहुल्यांच्या खेळासाठी विख्यात असलेल्या जिम हेन्सन यांच्या कंपनीने घडवली होती. जॉन क्रायटन नावाचा अमेरिकन अंतराळवीर अवकाशाला पडलेल्या एका बोगद्यातून विश्वाच्या दुसऱ्या टोकाला फेकला जातो, आणि पळपुट्या कैद्यांच्या टोळीत, एका जिवंत यानाच्या पोटात, संसार थाटतो, ही तिची कल्पना. पाचवे वर्ष मिळणार अशी कर्त्यांची समजूत होती. सप्टेंबर २००२ मध्ये, चौथ्या वर्षाचे काम चालू असतानाच, मालिका बंद होणार हे जाहीर झाले. शेवटचा भाग अमेरिकेत २१ मार्च २००३ रोजी दाखवला गेला. त्यात क्रायटन आपल्या एरिनला एका लहानशा होडीत लग्नाची मागणी घालतो, ती होकार देते, आणि त्याच क्षणी आकाशातून आलेल्या एका यानाच्या माऱ्याने दोघांच्या देहांचे स्फटिक होऊन तुकडे तुकडे विखुरतात. वर अक्षरे झळकतात: पुढे चालू!

प्रेक्षक अर्थातच संतापले. पत्रे, निधी, वर्तमानपत्रांतून ओरड, सारे झाले. अखेर जिम हेन्सन यांचे चिरंजीव ब्रायन हेन्सन यांच्या दिग्दर्शनाखाली ‘द पीसकीपर वॉर्स’ हा दोन रात्रींचा दीर्घ चित्रपट १७ व १८ ऑक्टोबर २००४ रोजी दाखवण्यात आला. समुद्रतळाचे तुकडे वेचून आणले जातात, दोघे पुन्हा उभी राहतात, ऐन रणधुमाळीत त्यांचे लग्न लागते आणि बाळही जन्मते. वर्षभराचे कथानक दोन रात्रींत कोंबल्याने धावपळ फार झाली, हे कबूल केले पाहिजे. तरी लढाईत पडलेल्या मित्राचे नाव आईबाप बाळाला देतात, तेव्हा पाहणाऱ्याचे समाधान होतेच.

तिसरी ‘स्टारगेट एसजी-१’. मुळात १९९४ सालचा चित्रपट. त्यावरून २७ जुलै १९९७ रोजी मालिका सुरू झाली, आणि कॅनडातील व्हँकूव्हरच्या परिसरात चित्रित होत दहा वर्षे, २१४ भाग चालली. इजिप्तमध्ये सापडलेल्या एका प्राचीन वर्तुळाकार दारातून पाऊल टाकले की माणूस दुसऱ्या ग्रहावर, ही तिची मूळ कल्पना. २०० वा भाग साजरा होत असतानाच ती बंद करण्याचा निर्णय आला. शेवटचा भाग २००७ साली झाला, तेव्हा ओराय नावाच्या शत्रूशी चाललेले युद्ध तसेच लोंबकळत राहिले होते. ते मिटवले २००८ च्या मार्चमध्ये निघालेल्या ‘द आर्क ऑफ ट्रुथ’ने; आणि त्याच जुलैत आला ‘कंटिन्युअम’, ज्यात जुना शत्रू भूतकाळात शिरून इतिहासच पुसून टाकतो. दोन्ही चित्रपट थिएटरात लागले नाहीत, ते थेट डीव्हीडीच्या तबकडीवर विकले गेले. चाहता पदरचे पैसे मोडून तबकडी घेई, म्हणूनच असा खर्च परवडत होता. ‘कंटिन्युअम’साठी मंडळी उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्रावर जाऊन आली, आणि अमेरिकन आरमाराची ‘अलेक्झांड्रिया’ ही खरीखुरी पाणबुडी बर्फ फोडून वर येताना त्यांनी टिपली. जनरल हॅमंडची भूमिका करणारे वत्सल वृत्तीचे नट डॉन डेव्हिस त्यात अखेरचे दिसले. २९ जून २००८ रोजी, चित्रपट निघण्याच्या महिनाभर आधी, ते वारले.

तिसऱ्या चित्रपटाचाही बेत होता. पण तबकड्यांचा खप ओसरला, निर्मिती करणारी एमजीएम कंपनी २०१० साली दिवाळखोरीत गेली, आणि बेत बारगळला. त्याची झळ लागली धाकट्या भावंडाला. ‘स्टारगेट युनिव्हर्स’ ही मालिका दोनच वर्षांत, ४० भागांवर, मे २०११ मध्ये संपली. तिच्या शेवटच्या भागात यानातील सारे लोक निदान तीन वर्षांच्या निद्रेसाठी काचेच्या कुप्यांत झोपी जातात. एक कुपी नादुरुस्त असते, म्हणून एली नावाचा तरुण एकटा जागा राहतो. कुपी दुरुस्त करायला हाताशी दोन आठवडे. तो गवाक्षापाशी उभा राहून बाहेरच्या प्रकाशाकडे पाहतो, आणि कथा थांबते.

त्याच्यासाठी कोणी चित्रपट काढला नाही. कुपी दुरुस्त झाली का, मंडळी जागी झाली का, हे पडद्यावर कोणी सांगितलेले नाही. सोळा सोमवार झाले. सतरावा अजून उगवायचा आहे.