कोटोवर उतरलेले कलहंस

एदो काळातील (१६०३-१८६८) जपानी ठसेचित्रांत वाद्ये जागोजागी भेटतात. त्यांतल्या एका चित्रापाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. ते सुझुकी हारुनोबूचे, सुमारे १७६६ सालचे. त्याच्या नावाचा अर्थ 'कोटोच्या घोड्यांचे उतरणारे कलहंस' असा होतो.

प्रत्येक रंगासाठी वेगळा लाकडी ठसा कोरून बहुरंगी चित्रे छापण्याची रीत एदो शहरात १७६५ च्या सुमारास बहरली. तिच्या आरंभीच्या कलावंतांत हारुनोबू अग्रभागी होता. चीनमधील शिआओ व शिआंग नद्यांच्या परिसरातील आठ दृश्ये हा पूर्व आशियाई चित्रकारांचा जुना आवडता विषय. हारुनोबूने ही आठही दृश्ये दिवाणखान्यात आणली. नदीच्या वाळवंटात उतरणाऱ्या कलहंसांच्या जागी त्याने कोटो मांडले. या वाद्याला १३ तारा असतात व प्रत्येक तारेखाली एक सुटी घोडी असते. घोडी पुढेमागे सरकवून सूर लावायचा. या घोड्यांची तिरकी ओळ त्याला उतरत्या थव्यासारखी दिसली. कानांसाठी केलेली योजना येथे डोळ्यांचा विषय झाली.

चित्रातील एक तरुणी बोटांत नख्या चढवीत आहे, दुसरीच्या हाती पुस्तक आहे. पहिला सूर अजून उमटायचा आहे.

पण ही विद्या या घरांत आली कोठून? त्या काळी कोटो शिकविण्याचा व्यावसायिक हक्क 'तोदोझा' या अंध पुरुषांच्या संघाकडे होता आणि त्याला शोगुन राजवटीचे संरक्षण होते. कोटोवादनाच्या रूढ परंपरेचा पाया घालणारे यात्सुहाशी केंग्यो (१६१४-१६८५) स्वतः अंध होते. चित्रात मात्र असा कोणी गुरू नाही. त्याबद्दल हारुनोबूला दोष देण्याचे कारण नाही. त्याला दिवाणखान्यातील सौंदर्य रंगवायचे होते. मात्र अशा चित्रांना संगीताच्या इतिहासाचा पुरावा मानताना आपण सावध असावे. वाद्याची घडण, बसण्याची ढब, नख्या हे सारे त्यांतून कळते. विद्या कोणाच्या हातून आली, ते कळत नाही.

१८७१ साली मेजी सरकारने तो संघ बरखास्त केला. कोटोवादन टिकले, चित्रेही संग्रहालयांत सुखरूप राहिली. ज्या तिरक्या ओळीवर रसिकांची नजर आजही खिळते, ती ओळ लावायला शिकविणाऱ्या त्या गुरूंना मात्र तिचा डौल केवळ बोटांनी आणि कानांनी ठाऊक होता.