टोपणनाव (वऱ्हाडातील)

टोपणनाव : एखाद्या समूहात वावरण्यासाठी जन्मनावाऐवजी घेतलेले, किंवा त्या समूहाने दिलेले नाव. अभंगाच्या शेवटच्या चरणातली नाममुद्रा आणि गझलेतला तखल्लुस ही त्याची जवळची भावंडे. प्रस्तुत नोंद अमरावती, अकोला आणि लगतच्या बुलढाण्यापुरती आहे. टोपणनाव म्हणजे आडोसा, लेखक त्यामागे स्वतःला लपवतो, असे सर्रास मानले जाते. वऱ्हाडातले दाखले पाहता हे मत टिकत नाही. इथे ज्यांची टोपणनावे रुजली त्यांची मूळ नावे जाणत्या वाचकांना त्यांच्या हयातीतच ठाऊक होती. त्यांनी साधले ते वेगळे. घराणे, वतन आणि कचेरी यांनी दिलेली ओळख बाजूला ठेवून ते वाचकांच्या, श्रोत्यांच्या गोतात दाखल झाले; आणि त्या गोताने मानले तेव्हाच घेतलेले नाव खऱ्या अर्थाने नाव झाले.

यातला सर्वांत स्पष्ट दाखला कवी अनिल यांचा. आत्माराम रावजी देशपांडे यांचा जन्म ११ सप्टेंबर १९०१ रोजी मूर्तिजापूर (जि. अकोला) येथे झाला. देशपांडे हे परगण्याचे दप्तर सांभाळणाऱ्या वतनदाराचे नाव. वऱ्हाडात देशमुख, देशपांडे, पाटील ही आडनावे उच्चारली की ऐकणाऱ्याला माणसाआधी त्याचे गावातले स्थान कळते. ‘अनिल’ या तीन अक्षरांत असे काही कळत नाही. ‘फुलवात’ (१९३२) हा पहिला संग्रह याच नावाने आला आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या ‘दशपदी’पर्यंत हे नाव कायम राहिले. मुक्तछंदाची बाजू लावून धरणाऱ्या आणि दहा ओळींचा स्वतंत्र आकृतिबंध घडवणाऱ्या या कवीचे मूळ नाव गुपित नव्हते. १९५८ च्या मालवण येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. या नावाची खरी कसोटी मात्र खासगी लेखनात दिसते. अमरावतीला जन्मलेल्या कुसुमावती जयवंत पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. दोघांचा पत्रव्यवहार १९७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तो ‘कुसुमानिल’ या नावाने. एकीचे जन्मनाव आणि दुसऱ्याचे घेतलेले नाव इथे एका संधीत जोडले गेले आहे. आडोशासाठी घेतलेले नाव इतक्या जवळच्या जागी पोचत नाही. कुसुमावतींनी स्वतः कथा आणि समीक्षा आपल्याच नावाने लिहिली. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या; हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

त्या पिढीत एकनावी कवींची लाटच आली होती, तेव्हा ‘अनिल’ ही निव्वळ तत्कालीन रीत, असा आक्षेप येऊ शकतो. रविकिरण मंडळ या कवींच्या गटातली यशवंत, गिरीश ही नावे पाहता तो अगदीच निराधार नाही. पण रीत नाव घ्यायला लावते, टिकवत नाही. शिवाय वऱ्हाडातला दुसरा मोठा दाखला या लाटेआधीचा आहे. नारायण मुरलीधर गुप्ते (१८७२–१९४७) यांचा जन्म मलकापूरचा. त्यांचे आयुष्य वऱ्हाडातल्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करण्यात गेले. कविता मोजकीच, पन्नासाच्या आतबाहेर. तिच्याखाली एकच अक्षर असे : ‘बी’. त्याचा उलगडा कोणी मधमाशी असा करतो, कोणी रुजणारे बी असा. कवितेशी दोन्ही अर्थ जुळतात. कारकुनाला कचेरीची भीती म्हणून हे एकाक्षरी नाव, असे म्हणणे सोपे आहे. पण ‘फुलांची ओंजळ’ (१९३४) हा संग्रह आचार्य अत्र्यांची प्रस्तावना लेवून उघडपणे आला आणि तरीही वाचकांनी कवीला बी म्हणूनच ठेवले. आजही ‘चाफा’ ही कविता गुप्त्यांची म्हणून सांगितली तर अनेकांना ओळख पटायला वेळ लागतो. बींची म्हटली की लगेच पटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : वऱ्हाडातली सर्वांत थोर नावे निवडलेली नाहीत, पडलेली आहेत. देबूजी झिंगराजी जानोरकर (१८७६–१९५६) घर सोडून निघाले तेव्हा त्यांनी कोणतेही नवे नाव धारण केले नव्हते. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा, आणि एक मातीचे गाडगे. त्यात भाकर घ्यायची, त्यातूनच पाणी प्यायचे आणि मोकळे झाले की तेच डोक्यावर पालथे घालायचे. लोकांनी चिंधेबाबा म्हटले, गोधडेबाबा म्हटले, गाडगेबाबा म्हटले, शेवटचे उरले. यावली (जि. अमरावती) येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या माणिक (पुढे तुकडोजी महाराज) यांना ‘तुकड्या’ हे नाव वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिले असे सांगतात, त्यामागच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत. मात्र खंजिरीच्या ठेक्यावर भजन म्हणताना अखेरच्या ओळीत ‘तुकड्यादास’ ही मुद्रा घालणे हा तुकडोजींचा स्वतःचा निर्णय होता, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. दिलेले नाव रोज हजारोंसमोर स्वतःच्या तोंडाने घेणे ही निवडच आहे. त्यामुळे घेतलेले आणि पडलेले हा भेद वाटतो तितका पक्का नाही. दोन्हीकडे समूहाचा होकार लागतो. माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांनी तर स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेतले. आडनाव मोहोड, देह पुरुषाचा, आणि नाते सहाशे वर्षांपूर्वीच्या पित्याशी. नावाने गोत निवडण्याचा याहून धीट दाखला मराठीत विरळाच.

गावोगावची टोपणनावे (व्यंगावरून, धंद्यावरून पडलेली) : बहुधा तोंडी, त्यांत माणसाची निवड नसते, म्हणून इथे घेतलेली नाहीत.

संकेतस्थळांवरील ‘आयडी’ : स्वतः टोपणनाव घेण्याच्या रीतीचे चालू रूप, ओळख जुनी झाली तरी सभासद एकमेकांना आयडीनेच हाक मारतात.

वऱ्हाडात प्रत्येक लेखकाला टोपणनावाची गरज पडली असे नाही. अमरावतीत जन्मलेले सुरेश भट गझलेसारख्या तखल्लुसाची परंपरा असलेल्या प्रकारात लिहूनही आपल्याच नावाने ओळखले गेले. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या कादंबरीवरही त्यांचे स्वतःचेच नाव आहे. सार्वजनिक जीवनात पंजाबराव देशमुखांचे उदाहरण उलट दिशेचे : घराण्याचे मूळ आडनाव कदम, रूढ झाले ते वतनाचे देशमुख, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला तेच नाव आहे. अमरावतीचे विद्यापीठ मात्र संत गाडगेबाबांच्या नावाने चालते आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या. त्यांच्या पदव्यांवर जानोरकर किंवा माणिक यांचा उल्लेख नाही.